मदत हवी आहे: जुने फेरफार वाचण्यासाठी एआय

सप्रेम नमस्कार. मी जळगावच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो. वाटपाच्या दाव्यांत सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) आणि खरेदीखते यांतून तारीखवार घटनाक्रम काढण्यात कनिष्ठ सहकाऱ्यांच्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात, म्हणून हे काम एआयकडे सोपवून पाहिले. परंतु एका हस्तलिखित फेरफारातील ‘वारसाने’ हा शब्द त्याने ‘खरेदीने’ असा वाचला, आणि तो तसाच राहिला असता तर वडिलोपार्जित शेत स्वकष्टार्जित ठरून दाव्याचा पायाच ढासळला असता. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार पक्षकाराची गोपनीयता जपणे बंधनकारक असल्याने, कागद बाहेर न पाठवता कार्यालयातील संगणकावरच चालणारी आणि प्रत्येक नोंदीसमोर मूळ पानाचा क्रमांक दाखवणारी व्यवस्था कोणी वापरत असल्यास कृपया अनुभव कळवावा.