मल्गा, वॅटल आणि आपली बाभूळ

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'मल्गा' नावाचं झुडूप सारखं येतं. (टंकलेखकाने सगळीकडे 'मुलगा' करून ठेवलंय!) कोशात 'वॅटलची एक जात' एवढंच दिलंय. वॅटल म्हणजे तिकडची बाभळीच्या कुळातली झाडं, मग सरळ 'बाभूळ' लिहू का?

— नको. बाभूळ म्हटलं की मराठी माणसाला आधी काटा आठवतो, आणि मल्गाला काटा नसतो. फूल पिवळंच, पण गोल गोंडा नाही, पेराएवढा लांबट तुरा.

— वॅटल हा मुळात झाडाचा शब्दच नाही. वॅटल म्हणजे कूड. आपल्याकडे कारवीचा करून शेणमातीने लिंपतात तोच. 1788 पासून सिडनीला वसलेल्या इंग्रजांनी तिथल्या फोकांचा कूड घातला आणि नाव झाडांना चिकटलं. त्यांनी ज्याला आधी 'ब्लॅक वॅटल' म्हटलं ते तर बाभळीच्या कुळातलंही नव्हतं! 'मल्गा' मात्र युवालराय-गमिलराय या तिथल्या मूळ भाषांमधला. तो तसाच ठेवा.

— म्हणजे बाभळीशी नातं काहीच नाही?

— आहे की. कोकणात वनीकरणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचं कोवळं रोप बघा. पहिली पानं अगदी बाभळीसारखी बारीक, पिसासारखी. मग देठ चपटे होत जातात, पिसं गळतात आणि देठच पानाचं काम करतो. मल्गाचंही तेच. त्याचे हे अरुंद 'देठ-पान' वर तोंड करून उभे असतात, म्हणून दुपारचं ऊन कमी लागतं आणि पावसाचं पाणी फांद्यांवरून ओघळत थेट बुंध्याशी येतं.

शास्त्रीय नावात मात्र आपल्यावर अन्याय झालाय असं माझं मत. 'अकेशिया' हे ग्रीक नाव मूळचं काटेरी बाभळीचं. 2005 साली व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे ठेवायचं ठरलं, 2011 साली मेलबर्नच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ आता 'वॅकेलिया', खैर 'सेनेगालिया'. काट्याचं नाव बिनकाट्यांना!

— मग पहिल्यांदा 'मल्गा, म्हणजे एक ऑस्ट्रेलियन बाभूळ' लिहून पुढे नुसतं मल्गा?

— 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' टाळा, कोकणातल्या वाचकाला त्याचं ते रस्त्याकडेचं झाडच दिसेल. 'बाभळीच्या कुळातलं बिनकाट्याचं झुडूप' म्हणा. आणि एक बघा, तिकडे 'मल्गात राहतो' म्हणजे गावापासून लांब, आडरानात राहतो. तसं वाक्य आलं तर तिथे झाड आणू नका, 'आडरानात' लिहा.