मदत हवी आहे : लहान शहराचा कार्बनमुक्त वाहतूक आराखडा

सर्वांना नमस्कार. लातूर जिल्ह्यातील आमच्या शहराच्या नगरपरिषदेला कार्बनमुक्त वाहतुकीचा प्राथमिक आराखडा सुचवावा, यासाठी आम्ही काही नागरिक टिपण तयार करीत आहोत. देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे हवेत सोडले जातील तेवढेच हरितगृह वायू शोषले जावेत यासाठी, २०७० हे वर्ष ठरवले असले, तरी पीएम ई-बस सेवा ही शहरांत विजेवरील बस चालवण्याची केंद्र सरकारची २०२३ ची योजना तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी असल्याने आमच्यासारख्या गावांना तिचा थेट उपयोग नाही. इथली खरी वाहतूक म्हणजे काळीपिवळी, ऑटोरिक्षा आणि दुचाकी. गाळपाच्या हंगामात तर उसाच्या ट्रॉलीला वाट देताना शाळकरी मुली सायकल हातात धरून गटाराच्या काठावर उभ्या राहतात, आणि हे पाहून मला फार वाईट वाटते.

एक लिटर डिझेल जळल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, हे ठाऊक आहे. परंतु शहरात जळणाऱ्या इंधनाचा विश्वसनीय अंदाज कसा बांधावा? पंपांवरील विक्री धरली, तर महामार्गावरील ट्रकही त्यात येतात. कोणी असे काम केले असल्यास कृपया पद्धत सविस्तर सांगावी. तसेच हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आणण्यासाठी अर्ज कसा लिहावा, याचेही मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.