घरकुल मंजूर, पण जागा सामाईक! काय करावं?

माळवदाची_लेक:
आई-दादा (माझे वडील) परांडा तालुक्यात असतात. 2018 च्या यादीतलं दादांचं नाव आता कुठं प्रधानमंत्री आवासमध्ये लागलंय. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, पाऊस लागला की आई रात्रभर गळक्याखाली पातेली सरकवत बसते. अडचण अशी की जागा अजून आजोबांच्या नावावर, आणि चुलते सही देईनात. शिवाय भावाची मोटारसायकल आहे म्हणून नाव कटेल, असं गावात बोलतात. आणि 1 लाख 20 हजारात घर उभं राहतं का हो?

गवंडीपुत्र:
ताई, मोटारसायकलचं मनातून काढून टाका. ती अट 2024 मध्ये गेली, फ्रीजचीही गेली. उत्पन्नाची मर्यादासुद्धा महिना 10 वरून 15 हजार झालीय.

पैशाचं म्हणाल तर नुसते 1 लाख 20 हजार नाहीत. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12 हजार, आणि 2025 पासून राज्याचे वाढीव 50 हजार. त्यातले 35 हजार बांधकामाला, 15 हजार मात्र छतावर सौर पॅनल बसवलं तरच. 5 ब्रास वाळूही फुकट आहे, तिचा पास मागून घ्या. आणि घर 269 फुटांचंच धरा. आमच्याकडं लोक हौसेनं जोतं मोठं काढतात न् स्लॅबला पैसे उरत नाहीत. दोन-दोन वर्षं नुसत्या भिंती उभ्या बघितल्यात मी.

सुनंदा_लातूर:
जुनं घर आत्ताच पाडू नका गं! आधी जुन्या घराचा न् नव्या जागेचा फोटो योजनेच्या ॲपवर चढू दे. आम्ही घाई केली, पहिला हप्ता 15 हजार यायला उशीर झाला, सगळा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. सासूबाईंचा दमा तेव्हापासून बळावला.

चुलत्यांकडं आईलाच पाठव. पूर्ण वाटणी मागू नका, घरापुरत्या जागेचं संमतीपत्र मागा.

गवंडीपुत्र:
आणि नाहीच दिली सही, तर दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेचा अर्ज पंचायत समितीत द्या. स्वतःची जागा नसलेल्या घरकुलवाल्यांना 500 फुटांपर्यंत जागा घ्यायला 1 लाखापर्यंत मिळतात, पूर्वी 50 हजार होते. सामाईक जागेत हिस्सा असताना बसतं का, ते तिथं लेखी विचारा.

माळवदाची_लेक:
आई उद्या सकाळीच काकांकडं जातेय. घर पाडायला दादांनी माणसं सांगितली होती, त्यांना आत्ताच फोन करून थांबवलं.