चढावर बंद पडणारी जुनी मोटारसायकल

प्रश्न: माझी १९९८ सालची, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेली शंभर सीसीची गाडी शहरात बरी चालते, मात्र कात्रज घाट चढताना आधी धक्के देते आणि मग बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. प्लग नवा आहे. दोष कुठे शोधावा?

उत्तर १: बंद पडताक्षणी टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातील छिद्र बुजले आहे असे समजावे, कारण आत हवा गेल्याखेरीज पेट्रोल खाली उतरत नाही. हे न पाहताच कार्ब्युरेटर खोलणाऱ्या मेकॅनिकांचे मला नवल वाटते.

उत्तर २: झाकण निर्दोष निघाल्यास प्लगची ठिणगी पाहावी, ती पिवळट, मरतुकडी असल्यास गरम झाल्यावर दगा देणाऱ्या इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणाऱ्या गुंडाळीवर) संशय घ्यावा. चोक (हवेच्या मानाने पेट्रोल वाढवणारी कळ) अर्धा ओढल्यावर इंजिन सावरत असेल, तर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, कचरा आहे किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला भेग पडून तिथून हवा शिरते आहे.

प्रश्नकर्ता: सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. छिद्रात पॉलिशचा वाळलेला थर होता, तो बारीक तारेने काढला. काल घाट न थांबता चढलो.