मदत हवी आहे: पॅरिसमध्ये आई आजारी, रविवारी डॉक्टर कसा मिळेल?

नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी, नवरा आणि आई (वय ६६) गुरुवारी पॅरिसला आलो. हॉटेल गार द्यु नॉर स्टेशनजवळ. परतीचं विमान बुधवारी दुपारी. काल रात्रीपासून आईला उलट्या-जुलाब, आज ताप १०१. खरं तर पोट शुक्रवारीच बिघडलं होतं, हे आम्हाला आत्ता कळतंय. आयफेलची तिकिटं फुकट जातील म्हणून मातोश्रींनी चकार शब्द काढला नाही, वर दुसऱ्या मजल्यापर्यंत जिनेही चढल्या.

तिला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि बीपीची टेल्मिसार्टन रोज चालू. सकाळपासून पाण्याचे घोट सोडले तर पोटात काही नाही. इलेक्ट्रालची दोन पाकिटं आणली होती, त्यातलं एक संपलं. शुद्धीवर आहे, बोलतेय, "तुम्ही दोघं फिरून या, मी पडते जरा" हे पालुपद चालू आहे. डॉक्टर नको म्हणते, कारण "युरोत किती घेतील कोण जाणे".

इथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, बहुतेक दुकानं बंद. फ्रेंच आम्हाला बाँझूरपलीकडे येत नाही. एकदम हॉस्पिटलात न्यावं की खोलीवर येणारा डॉक्टर मिळतो? विमा व्हिसाच्या वेळी एजंटने काढून दिला होता, तो आता फोन उचलत नाही. कृपया लवकर सांगा.

गुळपोळी: फ्रान्समध्ये ल्योंला अकरा वर्षं आहे म्हणून सांगते. घरी येणारा डॉक्टर मिळतो, आणि रविवारीही मिळतो. "एसओएस मेदसाँ" म्हणून सेवा आहे, १९६६ पासूनची, नंबर ३६२४. तुम्ही स्वतः फोन करू नका, रिसेप्शनवरच्या माणसाला करायला सांगा. हॉटेलवाल्यांना याची सवय असते. वय, मधुमेह, ताप, किती वेळा उलटी झाली, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. ताप १०१ सांगू नका, ३८.३ सांगा. साखरही इथे वेगळी मोजतात, आपल्या १८० ला ते १.८० म्हणतात. नाहीतर समोरचा उगाच घाबरेल किंवा अजिबात घाबरणार नाही.

जास्त वाटलं तर सरळ १५ नंबर लावा. तिथे डॉक्टरच बोलतो आणि ॲम्ब्युलन्स पाठवायची का ते ठरवतो. इंग्रजीसाठी ११२ बरा. लारिब्वाझिएर हे मोठं सरकारी हॉस्पिटल तुमच्या स्टेशनला लागूनच आहे, पण चालत्या-बोलत्या माणसाला तिथे तासन्‌तास बसवून ठेवतील. आधी ३६२४.

आडसाली: मी कोल्हापूरला फिजिशियन आहे. न तपासता निदान करणार नाही, पण डॉक्टर येईपर्यंत एवढं करा.

आजची मेटफॉर्मिनची आणि टेल्मिसार्टनची पुढची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या दोन्ही गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. इन्सुलिन घेत असतील तर मात्र ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. ग्लुकोमीटर असेल तर दर तीन-चार तासांनी साखर बघा.

इलेक्ट्रालमध्ये साखर आहे म्हणून बऱ्याच मधुमेही बायका ते टाकून देतात. टाकू देऊ नका, त्या साखरेमुळेच मीठ-पाणी आतड्यातून आत जातं. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (दोन्हीला चहाचा चमचा). उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा एकेक चमचा. ताप असताना जुलाब थांबवायची लोपेरामाइड देऊ नका.

लघवी शेवटची कधी झाली? सात-आठ तासांत नसेल, शौचात रक्त असेल, बडबड असंबद्ध होत असेल किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर खोलीवर येणाऱ्या डॉक्टरची वाट न बघता १५.

चिंचेचं_पान: जायफळ उगाळून द्या, तासाभरात थांबेल.

धागाकर्ती: जायफळ आता पॅरिसमध्ये कुठून आणू हो?

गुळपोळी: मिळतं, कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात "म्युस्काद" म्हणून. पांढऱ्या सॉसमध्ये घालतात. पण सहाणेपेक्षा फोन आधी, ताई.

धागाकर्ती: दुपारी दोनला लघवी झाली होती. रक्त नाही. रिसेप्शनवरच्या पोराने फोन लावला, दीड-दोन तासांत येतील म्हणाले. आडसाली, गोळ्या बाजूला ठेवल्या. हे आम्हाला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

खातेवही: विम्याचं काम केलंय म्हणून लिहितो. एजंटला सोडा, पॉलिसीच्या पहिल्या पानावर परदेशातून लावायचा चोवीस तासांचा नंबर असतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतंच, त्यामुळे रकमेची काळजी नको. ॲडमिट करायची वेळ आली तर आधी त्या नंबरवर कळवा, कॅशलेस तिथूनच होतं. खोलीवर आलेल्या डॉक्टरचे पैसे बहुधा आपणच भरायचे आणि परत आल्यावर मागायचे. त्यातूनही सुरुवातीची ठरावीक रक्कम कापतात, पॉलिसीत "डिडक्टिबल" शोधा. बिल, चिठ्ठी, औषधांच्या पावत्या, सगळ्याचे फोटो आजच काढा. आणि मधुमेह प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिला होता ना?

धागाकर्ती: लिहिला होता. एजंट "कशाला लिहिता" म्हणत होता, आईनेच आग्रह धरला. बाई स्वतःच्या तब्येतीबद्दल आम्हाला खोटं बोलते, पण फॉर्मवर नाही!

धागाकर्ती: अपडेट, रात्री साडेदहा. तरुण डॉक्टर आला, पाठीवर सॅक, बऱ्यापैकी इंग्रजी. बीपी ११०/६०, साखर १६४. पोट दाबून पाहिलं. पोटाचा संसर्ग, बहुतेक विषाणूचा, अँटिबायोटिक नको म्हणाला. दोन्ही गोळ्या उद्यापर्यंत बंदच ठेवायला सांगितल्या आणि सकाळी किडनीची रक्ततपासणी लिहून दिली. रविवारचा आकार धरून शंभर युरोच्या थोडं वर झाले. आईने आकडा विचारला, आम्ही निम्मा सांगितला. तिने त्याला चहा विचारला. खोलीत किटली आणि दोन टी-बॅग, तरीही.

औषधासाठी रविवारची उघडी फार्मसी शोधायला नवरा चाळीस मिनिटं चालला. पॅरासिटामॉल इथे मांडणीवर नसतं, काउंटरवर मागावं लागतं. डोलिप्रानची गोळी १००० मिलिग्रॅमची मिळाली.

आडसाली: मग आपल्या डोलोच्या हिशोबाने देऊ नका. एका वेळी एक, मध्ये सहा तास, आणि बॅगेतली डोलो जोडीला नको.

धागाकर्ती: सोमवार संध्याकाळ. हॉटेलच्या गल्लीतच लॅब होती, सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट. किडनीचं क्रिएटिनिन ठीक. ताप उतरला, उलटी नाही, जुलाब दोनदा. ला शापेल भागातल्या तमिळ दुकानांतून तांदूळ आणि दही आणलं. मागच्या उपाहारगृहातल्या श्रीलंकन मावशींनी आमचे तांदूळ आसट शिजवून दिले, पैसे घेतले नाहीत. आईने वाटीभर खाल्ला आणि "मीठ कमी आहे" म्हणाली, तेव्हा मला जरा रडू आलं.

आता एकच प्रश्न. बुधवारी विमानतळावर व्हीलचेअर हवी आहे. एअरलाइनला आत्ता कळवलं तर चालेल का? आई नाही म्हणतेय, तिला न सांगताच करणार आहे.

गुळपोळी: ४८ तास आधी कळवायचं असतं, ते थोडं उलटलंय, तरी आत्ताच करा. आणि जाताना मावशींना काहीतरी गोड नेऊन द्या.