एकच डायल-अप जोडणी दोन संगणकांवर वायरलेसने कशी वापरावी? (२००५ सालची ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

कृष्णाकाठ

आमच्या घरी दोन संगणक आहेत. खालच्या खोलीतल्या संगणकावर विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक २ आहे. त्यातच ५६ के (सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट) मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या वायरवरून इंटरनेट आणणारे उपकरण, बसवलेला असून टेलिफोनची वायर त्याच खोलीत येते. वरच्या मजल्यावर मुलीचा जुना संगणक आहे आणि त्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशन चालते. जानेवारी २००५ पासून शहरांत ब्रॉडबँड मिळू लागले असले, तरी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत ते अजून आलेले नाही, त्यामुळे डायल-अपवरच, म्हणजे फोन लावून मिळणाऱ्या इंटरनेटवरच, भागवावे लागते. घर भाड्याचे असल्याने भिंतीला भोक पाडून केबल वर नेता येत नाही. दुकानदाराने वायरलेस राउटर घेण्याचा सल्ला दिला. परंतु त्याने दाखवलेल्या राउटरला टेलिफोनची पिन बसेल अशी जागाच दिसली नाही. राउटर खरोखर आवश्यक आहे का, वायरलेस कार्ड सेकंदाला ११ मेगाबिटचे घ्यावे की ५४ चे, आणि घरात वायरलेस वापरण्यासाठी परवाना काढावा लागतो का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना मोडेम

राउटर घेऊ नका. दुकानांत मिळणारे बहुतेक वायरलेस राउटर केबल किंवा डीएसएल (टेलिफोनच्या वायरवरचे ब्रॉडबँड) मोडेमसाठी केलेले असतात आणि इंटरनेटची जोडणी त्यांना नेटवर्क केबलवाटेच हवी असते. बाहेरचा डायल-अप मोडेम जोडता यावा म्हणून सीरियल पोर्ट ठेवलेले मोजके राउटर आहेत, पण तुमचा मोडेम संगणकाच्या आतच असल्याने त्यांचाही तुम्हाला उपयोग नाही. राउटरचे काम तुमचा एक्सपीवाला संगणकच करील.

दोन्ही संगणकांना एकेक वायरलेस कार्ड किंवा यूएसबी ॲडाप्टर लावा. विंडोज ९८ चा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) सोबतच्या सीडीवर आहे ना, हे मात्र पैसे देण्यापूर्वीच पाहून घ्या. खालच्या संगणकावर वायरलेसच्या सेटिंगमध्ये 'ॲड हॉक', म्हणजे संगणक ते संगणक, हा प्रकार निवडून नेटवर्कला नाव आणि वेपची (WEP, वायरलेसच्या सुरक्षेची तेव्हाची पद्धत) किल्ली, म्हणजे पासवर्ड, द्या. मग डायल-अप जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' या पानावर जाऊन, इतरांना या जोडणीतून इंटरनेट वापरू देण्याच्या चौकोनात खूण करा. संगणकात साधे नेटवर्क कार्डही असेल, तर घरचे नेटवर्क कोणते ते तिथेच विचारले जाते. त्या यादीतून वायरलेस निवडा. युजरनेम आणि पासवर्ड सर्व वापरकर्त्यांसाठी साठवलेले असावेत, नाहीतर वरून मागणी आल्यावर खालचा मोडेम फोन लावणार नाही. खूण करताच खालच्या संगणकाच्या वायरलेस कार्डाला १९२.१६८.०.१ हा पत्ता (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) मिळतो आणि वरच्या संगणकाला पत्ता देण्याचे कामही तोच संगणक करतो. त्यामुळे वरच्या संगणकावर पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय ठेवणे पुरेसे आहे.

११ की ५४, हा प्रश्न तुमच्या बाबतीत उद्भवतच नाही. ५६ के मोडेम चांगल्या लाइनवर ४५ किलोबिटच्या आसपास जोडला जातो, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच किलोबाइट उतरतात, तर ११ मेगाबिटचे कार्ड भिंतीआडून अगदी १ मेगाबिटपर्यंत घसरले, तरी ते टेलिफोनच्या लाइनपेक्षा वीसपट वेगवान राहते. स्वस्तातले स्वस्त कार्ड घ्यावे.

परवान्याची चिंता आता उरलेली नाही. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणे जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवान्यातून मुक्त झाली आहेत.

घाटमाथा

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. ॲपलने १९९९ मध्ये आणलेल्या पहिल्या एअरपोर्ट बेस स्टेशनमध्ये ५६ के मोडेम आतच बसवलेला होता, म्हणजे टेलिफोनची वायर थेट त्या डब्यात आणि पुढचे सारे बिनतारी! दोन विंडोज संगणकांसाठी तो खटाटोप करावा असे मात्र मी म्हणणार नाही.

कृष्णाकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व जोडणी केली. वरचा संगणक नेटवर्क दाखवतो, पण त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि एकही पान उघडत नाही. शिवाय काल रात्री घरातले कोणीही इंटरनेट वापरत नसताना खालच्या मोडेमने आपणहून फोन लावला. त्याचा किर्रर्र आवाज ऐकून सगळे उठले.

जुना मोडेम

१६९.२५४ हा पत्ता विंडोज स्वतःच घेते, आणि तेही पत्ता देणारे कोणी सापडले नाही तरच. तेव्हा आधी वेपची किल्ली दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे का ते तपासा, कारण ती चुकली तरी नेटवर्क जोडल्यासारखेच दिसते. किल्ली बरोबर असेल, तर खालच्या संगणकावर दुसऱ्या कंपनीची फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारा प्रोग्राम) आहे का ते पाहा. एक्सपीची स्वतःची फायरवॉल या व्यवस्थेला वाट करून देते. बाहेरून आणलेल्या फायरवॉलला १९२.१६८.०.० हे जाळे विश्वासातले आहे असे सांगावे लागते. त्यानंतर वरचा संगणक पुन्हा सुरू करून तिथून १९२.१६८.०.१ ला पिंग करा, म्हणजे तो संगणक उत्तर देतो का ते पाहणारी आज्ञा द्या. उत्तर आले म्हणजे वायरलेसची जोडणी नीट झाली.

रात्रीच्या फोनचे कारण त्याच 'ॲडव्हान्स्ड' पानावर आहे. नेटवर्कवरच्या कोणीही इंटरनेट मागितले की आपोआप डायल करावे, अशी एक खूण तिथे असते. ती काढून टाका. अँटिव्हायरसची अद्ययावत यादी असो, मेसेंजर असो किंवा घड्याळ जुळवणे असो, अशा प्रत्येक बारीकसारीक कामासाठी मोडेम फोन लावतो आणि पल्स (फोनच्या बिलाची एकके) पडत राहतात. खूण काढल्यावर फोन लावायला खाली जावे लागेल, पण बिल आटोक्यात राहील. समांतर जोडलेला दुसरा फोन घरात असेल, तर जोडणी चालू असताना त्याचा रिसीव्हर कोणी उचलू नये, आणि कॉल वेटिंग असेल तर तेही बंद ठेवावे.

पेंग्विनमित्र

दोघे एकाच वेळी बसू लागले की पाच किलोबाइट किती अपुरे पडतात ते कळेलच. एखादा जुना पेंटियम संगणक पडून असेल, तर त्यावर लिनक्स आणि स्क्विड हा प्रोग्राम बसवून त्याला मधला प्रॉक्सी, म्हणजे इतरांसाठी पाने आणून देणारा मध्यस्थ, करता येतो. मोडेम मात्र बाहेरचा, सीरियल पोर्टचा घ्यावा, कारण संगणकाच्या आतले बरेचसे मोडेम केवळ विंडोजसाठी केलेले असतात. एकदा उतरलेली चित्रे आणि पाने स्क्विड साठवून ठेवतो. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे त्या काळी आपापले वेगळे फाँट उतरवायला लावत, त्यांच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवत असे. एकाने सकाळी अंक उघडला की दुसऱ्याला फाँट आणि मथळ्याची चित्रे घरातल्या घरात मिळत. भारनियमनाच्या वेळी मात्र हा पेंटियम आणि बाहेरचा मोडेम, दोन्ही यूपीएसवर घ्यावे लागतील, नाहीतर वरचा संगणक यूपीएसवर चालू असला, तरी इंटरनेट जाईल.