ऊब आहे, पण निवारा कुठे?

‘बेघरच व्हायचं तर न्यूयॉर्कपेक्षा हवाई बरं, निदान थंडीने तरी मरणार नाही,’ असं कुणीतरी म्हटलंय. थंडीचं खरं आहे, पण बाकी मला अजिबात पटत नाही.

कॅलाहन नावाच्या बेघर माणसाच्या १९७९च्या खटल्यातून आणि १९८१च्या तडजोडीतून न्यूयॉर्कमध्ये रात्रीच्या निवाऱ्याचा हक्क मिळाला. त्यामुळे तिथले बहुसंख्य बेघर छपराखाली झोपतात, निवारे कितीही वाईट असले तरी. हवाईची राजधानी होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूवर निम्म्याहून अधिक बेघर उघड्यावरच असतात. शिवाय २०१४मध्ये होनोलुलूतल्या वायकिकी या पर्यटकांच्या भागात फुटपाथवर बसण्या-झोपण्यावरही बंदी आली, का तर पर्यटकांना त्रास नको!

शहरातून निदान बस पकडून स्वस्त गावी जाता येतं. बेटावरून कुठे जाणार? कॅलिफोर्निया जवळपास ४,००० किलोमीटरवर आणि वाटेत नुसता समुद्र. जवळजवळ सगळा माल बाहेरून येतो, म्हणून दूध-पावसुद्धा महाग, आणि घरभाडं तर विचारूच नका.

मला सर्वांत जास्त टोचतं ते हे, की तिथल्या बेघरांमध्ये मूळच्या हवाईयन लोकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा बरंच जास्त आहे. ती माणसं ऊन खायला तिथे आलेली नाहीत, ती जमीन त्यांच्याच पूर्वजांची होती.